घाटात दम सोडणारी जुनी गाडी

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की पालीचा घाट लागतो. नव्या गाडीला तो फारसा जाणवत नाही. पंधरा वर्षे चाललेली गाडी मात्र आपले दुखणे नेमके इथे उघड करते. सपाटीवर ऐंशीने पळणारी तीच गाडी चढाला लागली की जड होते. पाय खाली जातो, पण काटा वर सरकत नाही. मग दोन-तीन हिसके बसतात आणि मागचा ट्रक हॉर्न देऊ लागतो. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना, जिथे गाडी बाजूला घ्यायला धड जागा नाही, तिथे घरची माणसे गाडीत असताना हे झाले तर काळजाचे पाणी होते.

गॅरेजात गेल्यावर आपण काय सांगतो? ‘गाडी ओढीना.’ ‘पिकअप गेलाय.’ ‘मिसिंग मारतीय.’ ‘झटके खातीय.’ ही चारही वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. खरे तर ती चार वेगळ्या दुखण्यांची नावे आहेत आणि जुन्या फिटर लोकांनी ती विचार करूनच पाडली असावीत, असे मला वाटते. ‘ओढीना’ म्हणजे जोर सतत कमी, सगळ्या गिअरांत कमी, पण चाल एकसारखी. ‘पिकअप गेला’ म्हणजे पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी उचलते. ‘मिसिंग’ म्हणजे एखादे सिलिंडर मधूनमधून जळत नाही. त्याची थरथर तालात येते, इंजिन लंगडते. ‘झटके’ म्हणजे मिळणारे काहीतरी अचानक तुटते आणि पुन्हा जोडले जाते. त्याला ताल नसतो. मालकाने एवढा फरक नीट सांगितला, तरी निदानाचे अर्धे काम पाना हातात घेण्याआधी होते. तो सांगितला नाही, तर पार्ट बदलण्याची रांग सुरू होते.

या प्रश्नाचा आढावा बीडमधून घ्यावासा वाटतो, त्याला कारण आहे. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर जिल्ह्याच्या गावाचा सगळा व्यवहार रस्त्यावर होता आणि आजही बहुतेक तालुक्यांचा तसाच आहे. रात्री-अपरात्री पेशंट अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यायचा, तर घरची किंवा शेजाऱ्याची गाडीच काढावी लागते. एमएच २३ आणि एमएच ४४ पाट्यांच्या जुन्या गाड्यांबरोबर पुण्या-मुंबईकडून सेकंडहँड आलेल्या गाड्याही इथे वर्षानुवर्षे चालतात. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायला ६०० ऐवजी ५,००० रुपये लागू लागले. तरी लोक पासिंग करून घेतात, कारण नवी गाडी आवाक्यात नाही. अशा घरात चुकीच्या निदानावर गेलेले आठ-दहा हजार म्हणजे एका हंगामाच्या खताचे पैसे असतात.

आधी हवेचे पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा किलोच्या वर हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचे, तर एक लिटर पेट्रोलमागे इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा आत ओढते. ही हवा कुठली? रस्त्याच्या कामावरची, उन्हाळ्यात पांढऱ्या फुफाट्याने भरलेली, परळीच्या बाजूला औष्णिक केंद्राच्या राखेची. पुस्तकात एअर फिल्टर बदलण्याचे जे किलोमीटर लिहिलेले असतात, ते आपल्या धुळीत निम्म्यावर आणावेत. फिल्टर हवेच्या प्रेशरने झाडायचा असेल, तर आतून बाहेर झाडावा. बाहेरून मारलेले प्रेशर धूळ कागदात आणखी रुतवते. फिल्टर फाटला असेल, तर तुंबलेल्यापेक्षाही वाईट, कारण मग धूळ थेट बोअरपर्यंत जाते आणि रिंगा घासते. जुन्या महिंद्रा जीपला ऑइल भरलेला एअर फिल्टर असे. त्यातले ऑइल चिखलासारखे झाले, तरी वर्षानुवर्षे कुणी ते बदलत नसे.

तुंबलेल्या फिल्टरने गाडी ‘ओढत नाही’, पण शक्यतो झटके खात नाही. झटके असतील आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर त्याच्या पुढची रबरी नळी वाकवून पाहावी. तिच्या घडीत चीर पडलेली असते. गाडी उभी असताना चीर मिटलेली राहते. इंजिन जोर लावून माउंटिंगवर हलले की उघडते. मोजून न घेतलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. पेट्रोल गाडीत थ्रॉटलच्या पुढे कायम उघडी गळती असली, तर न्यूट्रलवर इंजिन वेडेवाकडे चालते आणि रेस दिली की सुधारते. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण इंधन कमी पडत असेल तर नेमके उलटे होते: न्यूट्रलवर सगळे ठीक आणि जोर मागितला की गडबड.

इंधनापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत घाटात दम जाण्याचे मूळ माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा इथेच निघाले आहे.

माझ्या स्वतःच्या २००९ सालच्या पेट्रोल गाडीने मला दोन महिने छळले. टाकी भरलेली असली की गाडी घाट चढे. टाकी पावावर आली की धारूरच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर झटके सुरू होत. दहा मिनिटे थांबलो की पुन्हा नीट. एका मोठ्या गॅरेजात प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग थ्रॉटल साफ केला आणि शेवटी ‘ईसीएम (इंजिनचा संगणक) गेला असेल’ असे सांगितले. गाडी कधी झटके खाते आणि कधी खात नाही, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही आपण होऊन सांगितले नाही, कारण टाकीचा आणि झटक्यांचा संबंध माझ्याही ध्यानात आला नव्हता. पुढे एका वयस्कर फिटरने तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला. टाकीतला पंप बाहेर काढला, तर त्याच्या तळाची बारीक जाळी काळ्या गाळाने लिंपलेली होती. चढाला गाळ मागे सरकून जाळीला चिकटे. गाडी थांबली की सुटून खाली बसे. जाळी बदलली आणि टाकी धुतली. तेवढ्यानेच गाडी आजही घाट चढते.

या अनुभवातून सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे इंधन कमी पडण्याची चाल. थोडा वेळ जोर लावला तर गाडी चालते. सलग जोर लावला तर दम सोडते. विसाव्यानंतर पुन्हा चालते. अशी चाल दिसली तर क्रम असा धरावा: फिल्टर, जाळी, पंपाला मिळणारा करंट आणि शेवटी पंप. टाकीच्या झाकणातून हवा आत जायची वाट बुजली असेल, तरी हेच होते. झटके सुरू असताना गाडी थांबवून झाकण सैल करून पाहावे. आत हवा ओढली गेल्याचा सूं आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष सापडला आणि खर्च जवळपास शून्य. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंपाने सुमारे तीन बारचा दाब द्यायला हवा आणि तो चढावर, जोर लागत असतानाही टिकायला हवा. तो मोजायला साधे गेज लागते. गेज न लावता पंप बदलणारा माणूस अंदाजावर आपले पैसे खर्च करत असतो.

पंपाची वायरही पाहावी. पंधरा वर्षांत तिच्या जोडांवर हिरवट गंज धरतो. बॅटरीकडे साडेबारा व्होल्ट असतात आणि पंपाला दहाच पोचतात. पंप चांगला असूनही अर्धपोटी चालतो. मग नवा पंप टाकला, तरी तोही अर्धपोटीच चालणार.

आता इथेनॉलचा विषय. बीड हा उसाचा जिल्हा आणि ऊसतोड कामगारांचाही. आपल्याच उसाचा रस आणि मळी शेवटी आपल्याच टाकीत येते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी होते. ते पुढे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. तेव्हापासून जुनी गाडी झटके खाऊ लागली की पहिला आरोप इथेनॉलवर येतो. हा आरोप कितपत खरा?

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात दर लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. मायलेज थोडे पडणार, हे गणितानेच ठरलेले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हे आपोआप साधून घेते. कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी मात्र साधू शकत नाही, कारण तिच्या जेटचे भोक ठरलेले असते. तिच्यात मिश्रण पातळ होते आणि पाय दाबल्यावर ती अडखळते. तिथे आरोप खरा आहे.

इंजेक्शनच्या गाडीबाबत माझे मत वेगळे आहे. तिथे इथेनॉल बहुधा मूळ दुखणे नसते. आधीपासून दडलेले दुखणे ते बाहेर काढते. पंप थकलेला असेल, नोझल अर्धी बुजलेली असेल, तर शुद्ध पेट्रोलवर कशीबशी भागणारी गाडी वीस टक्के मिश्रणाच्या वाढीव मागणीला पुरी पडत नाही. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला थर सोडवून आणते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि सीलही त्याने लवकर खराब होतात. सर्वांत मोठा धोका पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले, की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतो, नेमका जिथून पंप ओढतो तिथे. मुलगा पुण्याला नोकरीला आणि गाडी गावी अंगणात, टाकी पाव, पावसाळा गेलेला: अशा गाडीला दिवाळीत बाहेर काढले की ती दहा किलोमीटरही नीट जात नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरलेली ठेवावी. बाटलीत, कॅनमध्ये साठवलेले पेट्रोल फडक्यातून गाळून ओतले, तरी पाणी फडक्यात अडकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

डिझेलची कथा निराळी आहे, आणि बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, कमांडर चालवणाऱ्या या जिल्ह्यात ती महत्त्वाची आहे. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते पेटते. म्हणून तिथे झटक्यांचा पहिला संशयित म्हणजे नळीत शिरलेली हवा. ‘एअर घेतलीय’ हे निदान फिटर चटकन करतो आणि हातपंप मारून हवा काढतोही. पण हवा शिरली कुठून, हे शोधत नाही. दोन दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच येते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून गाडी चालू ठेवली, की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग टाकीपासून एकेक जोड तपासत यावे. बहुतेकदा दहा-वीस रुपयांचा तांब्याचा वॉशर किंवा सुकलेली रबरी नळी सापडते.

धुराचा रंग डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा जास्त बोलतो. जोर लावल्यावर काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी: फिल्टर, टर्बोची फाटलेली नळी, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा गळणारी नोझल. जोर नाही आणि धूरही नाही, म्हणजे इंधनच पोचत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सकाळी पांढरा धूर आणि लंगडी चाल म्हणजे एखादे सिलिंडर नीट पेटत नाही. टर्बोच्या गाडीत चढाला शिट्टीसारखा किंवा फुस्स आवाज येऊ लागला आणि दम गेला, तर आधी इंटरकूलरकडे जाणाऱ्या नळ्यांवर हात फिरवावा. जिथे ऑइलचा ओलसर डाग, तिथे चीर. अशा तक्रारीवर नवा टर्बो टाकून घेतलेले लोक मला भेटले आहेत. नळी काही शे रुपयांत येते.

स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा यांच्या तेराशे सीसी डिझेल इंजिनात कॉमन रेल, म्हणजे चारही नोझलना डिझेल पुरवणारी एकच मोठ्या दाबाची नळी आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या अजून भरपूर धावतात. या इंजिनात रेलमधला दाब जोरावर हजार बारच्या वर जातो. चारही नोझलच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून मिनिटभर इंजिन चालवावे. ज्या बाटलीत डिझेल जास्त भरते, ती नोझल थकलेली. चाचणी सोपी आणि स्वस्त आहे आणि चारही नोझल बदलण्याच्या सल्ल्याआधी ती मागून घेण्याचा मालकाला हक्क आहे. मात्र इंजिन चालू असताना रेलच्या मुख्य लोखंडी नळ्या सैल करू नयेत, गळतीवर हाताने चाचपूही नये. जुन्या जीपवर शिकलेले हात सवयीने तसे करतात. त्या दाबाची धार कातडीत घुसते आणि हात गमवावा लागू शकतो.

ठिणगीचे काम पेट्रोल गाडीपुरते. मिसिंग चढालाच का दिसते, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे: जोर लागतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त दाटलेले असते आणि दाट हवेत ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. सपाटीवर पुरी पडणारी कमजोर कॉइल तिथे हरते. प्लग काढून रांगेत मांडावेत. फिकट तपकिरी टोक निरोगी, कोरडे काळे म्हणजे इंधन जास्त, पांढरे म्हणजे मिश्रण पातळ, ओले काळे म्हणजे ऑइल वर येते. तिघे सारखे आणि एकच वेगळा असेल, तर दुखणे त्या एका सिलिंडरचे. चौघेही सारखेच बिघडलेले असतील, तर दुखणे सामाईक. जुन्या प्लग वायरी तपासायला रात्री अंधारात बोनेट उघडून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारतात. फुटलेल्या जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. फवारा दुरूनच मारावा, वायरीला हात लावू नये. तापल्यावरच गाडी बंद पडत असेल आणि गार झाल्यावर निमूट चालू होत असेल, तर कॉइलबरोबर क्रँक सेन्सरही पाहावा. मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या दुपारी हे दोन्ही पार्ट दगा देतात.

सायलेन्सर तुंबणे हे सर्वांत उशिरा आठवणारे कारण. मिसिंग मारणारी पेट्रोल गाडी महिनोन्‌महिने तशीच चालवली, की न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आतली जाळी वितळते आणि वाट बुजते. मग इंजिन धड असूनही गाडी चाळीस-पन्नासच्या वर जात नाही. म्हणून मिसिंगकडे दुर्लक्ष करणे महाग पडते.

इंजिनचा दोष नसतानाही गाडी ओढत नाही, हे विसरू नये. चौथ्या गिअरात रेस दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्यावा. एखादे जास्त तापले असेल, तर ब्रेक चिकटलेला आहे. पाय सोडता-दाबताना एकदाच ‘धप’ असा धक्का बसतो, तो इंधनाचा नसून तुटलेल्या माउंटिंगचा असतो. आणि हे सगळे निर्दोष निघाले, तर कॉम्प्रेशन मोजावे. सिलिंडरांमध्ये मोठी तफावत आली, तर मात्र खर्चाची तयारी ठेवावी.

राहिला स्कॅनर. तालुक्याच्या ठिकाणीही आता तो आला आहे आणि त्याने चांगले काम केले आहे. पण त्याच्याविषयी एक गैरसमज रुजला आहे की तो खराब पार्टचे नाव सांगतो. तो फक्त तक्रार सांगतो. ‘पी ०१७१’ आले, तर मिश्रण पातळ आहे एवढाच अर्थ. ते नळीच्या चिरेने, थकलेल्या पंपाने की मळलेल्या हवा-सेन्सरने, हे माणसाने शोधायचे. ‘ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला’ म्हणून सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. स्कॅनरचा खरा उपयोग गाडी घाटात चढवताना होतो. तेव्हा चालत्या आकड्यांत इंधनाची दुरुस्ती किती टक्के वाढली, थ्रॉटलचा आकडा पायाबरोबर सरळ चढतो की मध्येच उडी मारतो, हे दिसते. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीला स्कॅनर लावून ‘काही कोड नाही, गाडी ओके’ म्हणणे हे अपुरे काम आहे. जुन्या फिटरचा कान आणि नव्या पोराचा स्कॅनर यांत डावे-उजवे करण्याची गरज नाही. दोघांनाही गेज वापरायची सवय लागली पाहिजे.

टाकीत ओतायच्या महागड्या औषधांबद्दल थोडक्यात: थोडी मळलेली नोझल त्यांनी काही वेळा सुधारते. तुंबलेली जाळी, फाटलेली नळी, मेलेली कॉइल यांवर त्यांचा काही उपयोग नाही.

गाडीवाल्यांना माझी विनंती एवढीच, की गॅरेजात जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: गार इंजिनला होते की तापल्यावर, चढाला की सपाटीला, टाकी किती असताना, कोणत्या गिअरात, आणि हे सुरू होण्याआधी गाडीचे शेवटचे काय काम झाले होते. आणि फिटर बंधूंना विनंती, की पार्ट बदलण्याआधी काय मोजले आणि किती आले, ते बिलावर लिहा. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. इंधनाच्या दाबाचे, व्हॅक्यूमचे आणि कॉम्प्रेशनचे, अशी तीन गेजे मिळून एका चुकीच्या पंपापेक्षा स्वस्त पडतात.